वनहक्कांचा संदर्भसंग्रह : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आदिवासी आणि वननिवासी समाजांविषयीचा हा संदर्भसंग्रह पुण्याच्या एका परिचिताने मला पेन ड्राइव्हवर दिला, त्याला आता आठ महिने झाले. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जंगलपट्टीतल्या एका गवळीवाड्यावर वनहक्काचे दावे भरण्यास मी मदत करतो आणि त्या कामी तो उपयोगी पडावा, एवढीच माझी अपेक्षा होती. ती पुरी झाली. मात्र पहिल्याच महिन्यात याच संग्रहाने मला तोंडघशी पाडले.

यातील मराठी मजकूर जवळजवळ सगळा महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. ग्रामसभेच्या ठरावाचा नमुना मी त्यातून जसाच्या तसा उतरवून घेतला. त्यात १९९६ च्या पेसा कायद्याचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांत पंचायत राज लागू करणाऱ्या कायद्याचा, आधार होता. हा कायदा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांपुरता आहे आणि कर्नाटकात असे एकही क्षेत्र नाही, हे माझ्या ध्यानातच आले नाही. पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, त्या ओळीवर बोट ठेवले आणि "गुरुजी, हा कागद महाराष्ट्रातला दिसतो," एवढेच म्हणून तो परत दिला.

खरा कस लागला तो २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत. आमचे गवळी अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. त्यामुळे 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो आणि वाड्यावर त्या काळचा कागद कोणाकडे असणार? संग्रहातील नियम १३ चा मराठी अनुवाद येथे कामी आला. विहीर, घराचा जुना चौथरा, दफनभूमी, देवस्थान, दावेदार नसलेल्या वृद्धांचे लेखी निवेदन, गॅझेटियर, हे सारे पुरावे म्हणून चालतात, मात्र एकापेक्षा अधिक हवेत. १८८४ चे बेळगाव गॅझेटियरही संग्रहात आहे. त्याची भाषा साहेबी तोऱ्याची आहे, पण नियमांत त्याला जागा असल्याने मी तो तोरा निमूट सोसला.

निवेदन घेण्यासाठी एका आजींसमोर बसलो, तेव्हा त्यांनी साल सांगितले नाही. सासूबाई कोणत्या झऱ्यावर म्हशी पाण्याला नेत, हे सांगितले आणि मग स्वतः चालत जाऊन गोठ्यामागचा दगडी चौथरा दाखवला. शेवाळ खरवडल्यावर त्याचे चारही कोपरे दिसले. निवेदनात मी त्यांचे शब्द तसेच ठेवले.

ग्रामसभेच्या गणपूर्तीविषयी मात्र सावध राहावे. संग्रहात २००७ ची दोन-तृतीयांशाची अट छापली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर निम्मे सदस्य पुरतात, पण उपस्थितांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया लागतात. बायका दूध घालून परत येईपर्यंत बारा वाजतात, म्हणून आम्ही सभा दुपारी ठेवली. सिद्दी समाजाची नोंदही अशीच शिळी आहे. संग्रहात ते केवळ उत्तर कन्नड जिल्ह्यापुरते अनुसूचित जमात आहेत, परंतु २०२० च्या दुरुस्तीने बेळगाव आणि धारवाड हे जिल्हेही त्यात आले. शेजारच्या गावातील सिद्दी कुटुंबाला मी जुन्या पानावरून चुकीचे सांगितले होते. नंतर जाऊन दुरुस्त करावे लागले.

शिक्षणाच्या विभागात आदिवासींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००७ चा जाहीरनामा आहे. आपापल्या भाषेतून शिक्षण देणाऱ्या शिक्षणव्यवस्था उभारण्याचा आणि त्या आपल्या हाती ठेवण्याचा हक्क त्याचे १४ वे कलम मान्य करते. तो बंधनकारक नसल्याने दाव्याच्या कामी त्याचा उपयोग नाही. पोरे घरी गवळी बोलतात आणि शाळेत मराठी किंवा कन्नड, म्हणून मी तो वाचला, इतकेच.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे संग्रहात कन्नड प्रत नाही. वाड्यावर मराठी चालते, तर कार्यालयात कन्नड. शेवटी नियम १३ मी डाव्या पानावर मराठीत आणि उजव्या पानावर कन्नडात छापून घेतला. ती प्रत आता आजींच्या घरी, दुधाच्या हिशेबाच्या वहीत ठेवलेली असते.