ट्रॅव्हलर भाड्याने, ४ दिवस, पंक बँड आणि ड्रम किटसकट : गाडीला २ स्टार, ड्रायव्हर आप्पांना ५

एजन्सीचं नाव लिहीत नाहीये, कारण डिपॉझिटचे ३ हजार अजून त्यांच्याकडे अडकलेत आणि रोज फोनवर वाद चालूय. जळगावातली एजन्सी आहे येवढंच धरा. बऱ्याच एजन्स्यांची हीच तऱ्हा असणार, त्यामुळे गाडी बुक करायच्या आधी वाचून घ्या, मग ती शिर्डीला जायला असो, सप्तशृंगीला असो नायतर आमच्यासारख्या वेड्या कामाला.

आमचं काम असं की आम्ही चौघं पंक वाजवतो, म्हंजे जोरात, भराभर, ओरडून गायचं रॉक. हो, जळगावात. हसून झालं असेल तर पुढे वाचा. जानेवारीत छोटी टूर काढली, भुसावळ, धुळे, नंदुरबार, अमळनेर, चार दिवस चार शो. सामान म्हंजे ड्रम किट, दोन अँप (गिटारचा आवाज मोठा करणारी खोकी), तीन गिटारी, केबलींची एक गोणी आणि विकायला टी-शर्टचं खोकं. येवढं कारमध्ये मावत नाही, म्हणून १३ सीटर ट्रॅव्हलर.

बुकिंगच्या वेळी ऑफिसातल्या माणसाला सांगितलं की बँडची टूर आहे, तर तो म्हणे वरात किती वाजता निघणार. मी म्हटलं वरात नाही हो, आमचा बँड आहे, इंग्रजी टाइप. तो म्हणे बरं बरं, म्हंजे बँजो. खान्देशात बँड म्हटलं की लाल कोट, सोनेरी झुपके आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे नाचणारी पोरं, त्याची काय चूक. पण या गोंधळात एक फायदा झाला, त्याने वरातवाल्यांसाठी जी गाडी ठेवलीय ती दिली, तिच्या मागच्या दोन सीटा आधीच काढलेल्या होत्या. ड्रम किट आडवं बसलं. एक स्टार त्याचा.

आता पैसे. रेट किलोमीटरला २२ रुपये आणि दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटर. ही ३०० ची अट नीट वाचा, आम्ही वाचली नाही. लांब जाणाऱ्याला ती कळतही नाही, पण खान्देशातल्या खान्देशात फिरणाऱ्याचा ती जीव घेते. जळगाव ते भुसावळ २५ किलोमीटर. तिथून धुळे सव्वाशेच्या आत. धुळे ते नंदुरबार शंभराच्या आत. परत येताना दोंडाईचा, अमळनेर करत जळगाव, दीडशे धरा. सगळं मिळून चारशेच्या आसपास गाडी पळाली आणि बिल १२०० किलोमीटरचं. २६,४०० गाडीचे, ड्रायव्हरचा भत्ता रोज ५०० प्रमाणे २ हजार, म्हंजे २८,४००, टोल आणि पार्किंग वेगळं. पळालेल्या किलोमीटरला ७१ रुपये पडले भो. येवढ्यात घोडा मिळाला असता.

कमाई पण सांगून टाकतो, लपवायचं काय. भुसावळला २५००, धुळ्याला डबा फिरवून ४ हजार, नंदुरबारला ३ हजार, अमळनेरला भोपळा, टी-शर्ट ११ विकले ३०० ने. एकूण १२,८००. बाकीचं हिशोबात आमचा ड्रमर त्याच्या पगारातून घालतो आणि मग वर्षभर ऐकवतो.

गाडीची अवस्था. सीट पुशबॅक आहेत असं फोटोत होतं. पुश होतात, बॅक येत नाहीत. माझी सीट पहिल्या दिवशी जी मागे पडलेलीच मिळाली ती चौथ्या दिवसापर्यंत तशीच, मी चार दिवस दवाखान्यातल्या पेशंटसारखा आडवा. चार्जिंगचे पॉइंट दाखवायला. डाव्या बाजूची तिसरी खिडकी पूर्ण लागत नाही, चार बोटं फट राहते. उन्हाळ्यात ठीकय, भुसावळच्या मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो तेव्हा काच लागो न लागो मरायचंच आहे. पण जानेवारीत रात्री दीड वाजता पारोळ्याच्या अलीकडे त्या फटीतून जे वारं येतं ना, त्याने कान बधिर होतात, आमचे तर अँपने आधीच झालेले. शेवटी टी-शर्टच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून लावला. सीटबेल्ट फक्त पुढे, मागे पट्टे आहेत पण बकलं गायब. याच्यावर मी ऑफिसात बोललो तर म्हणे मागे कोण लावतं. कोण लावतं म्हंजे? अमेरिकेत मिनिटमेन म्हणून पंक बँड होता, त्यांचा गिटारवाला डी. बून २२ डिसेंबर १९८५ ला व्हॅनच्या अपघातात गेला, अंगात ताप होता म्हणून मागे आडवा पडला होता, पट्टा नव्हता. २७ वर्षांचा होता. आमचा गायक दुसऱ्या दिवशी असाच ताप काढून मागे झोपला होता आणि मी अख्खा रस्ता मागे वळून वळून बघत होतो. याचा एक स्टार कापलाय आणि तो कमीच आहे.

म्युझिक सिस्टीम चालते, पण पेनड्राइव्हवरच, आणि पेनड्राइव्ह आप्पांचा. आप्पा म्हंजे ड्रायव्हर. चार दिवस अहिराणी गाणी आणि जुने वग, एकदाही कंटाळा आला नाही हे खरं सांगतो.

आप्पांवर वेगळं लिहायला पाहिजे.

पहिल्या दिवशी सामान बघून त्यांनी विचारलं, "लगीन कोठे शे?" आम्ही सांगितलं लग्न नाही. मग भुसावळला हॉलच्या मागे उभं राहून त्यांनी आमचा अख्खा शो ऐकला, २५ मिनिटांत १४ गाणी, आणि बाहेर आल्यावर येवढंच विचारलं, "हाई काय वाजाडी राहिनात भो तुम्ही, कोणावर संताप शे?" पंकची येवढी सरळ व्याख्या मी कुठे वाचली नव्हती. त्यानंतर त्यांनी आमचा ताबा घेतला. झालं असं की आप्पांनी तरुणपणी तमाशाच्या फडाचा ट्रक चालवलाय. दसऱ्याला निघायचं, जत्रा जत्रा करत उन्हाळ्यापर्यंत फिरायचं, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराजवळ तंबू. आम्हाला वाटत होतं आपण कायतरी भारी बंडखोर करतोय आणि हा माणूस आमच्या जन्माआधी तेच करून बसलेला.

अँप गाडीत कसं लावायचं ते त्यांनी शिकवलं. आम्ही उभं ठेवायचो. ते म्हणाले जड सामान खाली आणि पुढच्या अंगाला, ब्रेक मारला की पुढे सरकायला जागाच ठेवायची नाही, फटीत गोधड्या कोंबायच्या. कॅरिअरवरची ताडपत्री त्यांनी अशी बांधली की नंतर आम्हाला सोडता येईना. आणि सुपारीचे पैसे वाजवायच्या आधी घ्यायचे, नंतर फक्त पाठीवर थाप मिळते. हे भुसावळला ऐकलं असतं तर बरं झालं असतं, तिथे ५ हजार ठरले होते. पण भुसावळवाल्याने अर्ध्या पैशांवर भरीत पार्टी दिली, यावल रोडला शेतात, पऱ्हाट्यांच्या, म्हंजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात, त्यामुळे आम्ही कुणी तोंड उघडलं नाही. उघडलं ते खायला.

त्याच रात्री धुळ्याकडे निघालो आणि पारोळ्याच्या अलीकडे क्लच गेला. रात्रीचा दीड. एजन्सीचा नंबर स्विच ऑफ, "२४ तास सेवा" त्याच नंबरखाली छापलंय. गाडी ढकलून कडेला घेतली. आमचा ड्रमर आणि गिटारवाला त्याच संध्याकाळी सेटलिस्टवरून, म्हंजे शोमध्ये कुठली गाणी वाजवायची त्या यादीवरून भांडलेले, ते दोघं गाडीच्या दोन टोकांना जाऊन बसले. बोलेचनात. मला रमोन्स आठवले, अमेरिकेतला जुना पंक बँड. त्या लोकांनी २२ वर्षांत २,२६३ शो केले, बराचसा काळ व्हॅनमधून फिरून, आणि त्यातली कित्येक वर्षं गायक जोई आणि गिटारवाला जॉनी एकमेकांशी बोलतच नव्हते. एकाच गाडीत. वाचताना मला हे कायम गंमतीचं वाटायचं. पारोळ्याच्या अंधारात नाही वाटलं, कारण मधल्या सीटवर मी होतो आणि याचा निरोप त्याला, त्याचा याला, असं मलाच करावं लागत होतं. वाजवायचं अर्धा तास आणि उरलेले साडेतेवीस तास हे असे, कोणाच्या मोज्याचा वास, कोणाचं घोरणं, कोणाला दर वीस मिनिटांनी लघवी. टूरचे फोटो टाकतो त्यात यातलं काहीच दिसत नाही.

आप्पांनी शेताच्या बांधावरून पऱ्हाट्या आणल्या आणि शेकोटी केली. दोघांना हाक मारून बसवलं, एकाला इकडे एकाला तिकडे, आणि फडातल्या गोष्टी चालू केल्या. कलाकार हंगामाच्या आधीच उचल घ्यायचे, मग अख्खा सीझन ती फेडत नाचायचे, मधेच पळून जायची सोय नाही. ट्रकच्या खाली झोपायचे, पाऊस आला की पेट्यांवर. भांडणं व्हायची का विचारलं तर म्हणे रोज, पण रात्री ढोलकीवाला आणि नाचणारी एकमेकांकडे न बघता ठेका चुकू द्यायचे नाहीत, सकाळी परत शिव्या. ड्रमर मोठ्याने हसला, गिटारवाला पण. तडजोड वगैरे काही झाली नाही, दुसऱ्या दिवशी परत त्याच गाण्यावरून भांडले. पण भांडले म्हंजे बोलायला लागले.

सकाळी पारोळ्याहून मिस्त्री आला. त्याचे २,८०० आम्ही भरले, एजन्सी म्हणाली शेवटच्या बिलात वजा करू. केले नाहीत. वर डिपॉझिटमधून "सीट खराब केली" म्हणून ३ हजार धरून ठेवलेत. ती सीट आम्ही बसायच्या आधीच पडलेली होती!

धुळ्याचा शो सगळ्यात भारी झाला, एका मित्राच्या गच्चीवर, साठएक पोरं, त्यातली निम्मी शेजारच्या क्लासमधून आवाज ऐकून आली. त्यावर जास्त लिहीत नाही, रिव्ह्यू गाडीचा आहे. रात्री गाडी गल्लीत शिरत नव्हती तर आप्पांनी रिव्हर्समध्ये घातली, आरसा न मोडता. मग हायवेला शेवभाजी, तर्री बघूनच गायकाचा ताप पळाला असं तो म्हणतो, मला तरी दुसऱ्या दिवशी पण तो तापलेलाच वाटला.

नंदुरबारला जाणाऱ्यांना एक सल्ला. हिवाळ्यात तिथे शहराबाहेर लाल मिरची वाळत घातलेली असते, पथारी म्हणतात, लांबून जमीन लाल दिसते, बघायला झकास. आमचा शो ज्या गोडाऊनमध्ये होता त्याच्या शेजारच्या गोडाऊनमध्ये मिरची भरलेली. पंकमध्ये ओरडायचं म्हंजे पोटातून श्वास ओढावा लागतो. गायकाने पहिला श्वास ओढला आणि खलास. मग मी खोकलो, मग ड्रमर, पुढची पब्लिक मात्र स्थानिक, मजेत उभी, त्यांना वाटलं हा गाण्याचाच भाग आहे. चौथ्या गाण्यापर्यंत आमच्या डोळ्यांतून पाणी आणि समोर टाळ्या. ३ हजार मिळाले, वाजवायच्या आधी, आप्पांनी स्वतः जाऊन आणले.

अमळनेरला हॉलवाल्याने साउंड चेक ऐकला आणि वीज गेली असं सांगितलं. पंखा चालू होता.

सेक्स पिस्तल्स या इंग्लंडच्या पंक बँडची अमेरिका टूर पण जानेवारीतच होती, १९७८, ५ तारखेला पहिला शो आणि १४ ला शेवटचा, सात शोमध्ये बँड फुटला. आम्ही तीनच केले आणि फुटलो नाही.

पुढच्या वेळी काय करणार तर बहुतेक रेल्वे. जळगाव, भुसावळ, अमळनेर, नंदुरबार सगळं रुळावर आहे, ताप्ती लाइनने सुरतेकडे जाणारी गाडी पकडली की तीन गावं होतात. एकटं धुळं अडतं, तिथे चाळीसगावहून फाटा. ड्रम किट प्रत्येक गावात तिथल्याच कोणाकडून मागून घ्यायचं. पण मग आप्पा नाहीत.

तर ज्यांना ही गाडी घ्यायचीय त्यांनी एवढं करा. बाहेरगावी लांब जाणार असाल तरच घ्या, ३०० ची अट अंगावर येणार नाही. निघायच्या आधी प्रत्येक सीटचा, खिडकीचा, बकलांचा व्हिडिओ काढा, ऑफिसवाल्याला फ्रेममध्ये उभा करून. पक्कं बिल मागा, आम्हाला वहीच्या पानावर दिलं. रात्रीचा दुसरा नंबर घ्या आणि तो रात्री लावून बघा. ड्रायव्हर कोण येणार ते विचारा, आणि उंच, पांढरी टोपी, फडाच्या गोष्टी सांगणारे आप्पा असतील तर पुशबॅक गेलं खड्ड्यात.

त्यांचा पेनड्राइव्ह चुकून आमच्या केबलींच्या गोणीत आला. परत द्यायला फोन केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या भो, पुढला टाइमले कामे यी." डिपॉझिटचं विचारलं तर म्हणे ते मालकाला विचारा, माझाही दोन महिन्यांचा भत्ता बाकी आहे.