सोलापूरचा उन्हाळा, टॉवेलचा कारखाना आणि सॉफ्ट लेन्स: दीड वर्षाच्या वापरानंतर

आधी माझी माहिती, म्हणजे तुलना करायला सोपं जाईल. उजवा डोळा −३.७५, डावा −४.२५, सिलिंडर नाही. काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टेरी टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटीचं. अर्धा दिवस लूमच्या शेडमध्ये, अर्धा एसी ऑफिसात संगणकासमोर. चष्म्याच्या काचेवर तासाभरात लिंटचा, म्हणजे सुटलेल्या बारीक तंतूंचा, थर बसतो आणि घामाने चष्मा नाकावरून घसरत राहतो, म्हणून लेन्स. गेल्या वर्षी जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सुरुवात केली. तेव्हापासून दोन प्रकारच्या मंथली लेन्स (महिनाभर वापरून टाकायच्या) आणि मधूनमधून डेली (रोज नवी), असं सगळं वापरून झालंय.

कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. मुद्दा मटेरियलचा आहे, आणि ते डब्यावर छापलेलं असतं: शेवटी ‘फिल्कॉन’ किंवा ‘मॅकॉन’ असलेलं एक नाव आणि शेजारी पाण्याचा टक्का. दुकानात बहुतेक जण पॉवर आणि किंमत एवढंच बघतात. या दोन गोष्टीही बघा, कारण लेन्स महिनाभरात कशी बदलणार हे बरंचसं तिथेच ठरलेलं असतं.

पहिली लेन्स साधी हायड्रोजेल होती, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकची, ५५ टक्के पाण्याची. दुकानदाराचं म्हणणं, “पाणी जास्त आहे सर, आपल्या उन्हाळ्याला हीच चांगली.” ऐकायला पटतं, पण गणित उलटं आहे. जास्त पाण्याची लेन्स ते पाणी डोळ्याला देत नाही. हवा कोरडी असली की तिच्या वरच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि ती भरपाई ती तुमच्याच अश्रूंतून करून घेते. साधारणपणे ज्या हायड्रोजेलमध्ये पाणी जास्त, ती डोळ्यावर पाणी गमावतेही जास्त. डब्यावरचा टक्का सलाइनमध्ये बुडालेल्या लेन्सचा असतो, पारा ४३ वर गेलेला असताना पंख्याखाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यातल्या लेन्सचा नव्हे.

नवी असताना या लेन्सबद्दल तक्रारीला जागा नव्हती. इतकी मऊ की घातल्यावर पाच मिनिटांत विसरायला होतं. हायड्रोजेल लवचिक असते, बुबुळावर पटकन बसते. जानेवारी-फेब्रुवारीत सगळं छान चाललं. मार्च संपत आला तशी दुपारी तीननंतर लेन्स आवळल्यासारखी वाटायला लागली. शेडमधला फिटर एकदा म्हणाला, “सर, डोळे लई लाल दिसायलेत की ओ, जागरण झालं का?” जागरण नव्हतं.

नवी पेठेत ज्या ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमकडे तपासणी करतो, त्यांनी एक साधी गोष्ट सुचवली. “सर, तुम्ही नेहमी सकाळी येता, तेव्हा फिटिंग चांगलंच दिसणार. एकदा ड्युटीवरून थेट या, लेन्स न काढता.” तसा गेलो. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर, बसवून त्यांनी पापणी मिटायला सांगितली. सकाळी प्रत्येक उघडझापीला लेन्स थोडी वर सरकून परत जागेवर येत होती, ती आता जवळजवळ हलतच नव्हती. पाणी कमी झालं की जेल आकसतं, लेन्सचा गोलावा बदलतो आणि ती घट्ट बसते. मग तिच्याखालचे अश्रू बदलत नाहीत आणि कचरा तिथेच अडकून राहतो. त्यात संगणकासमोर आपण पापण्या कमी मिटतो, एसीची हवा कोरडी, म्हणजे जेवणानंतरचे दोन-तीन तास लेन्सच्या दृष्टीने सगळ्यात वाईट.

रात्री सोल्युशनमध्ये ठेवली की पाणी परत भरतं आणि सकाळी लेन्स पहिल्यासारखी. निदान पहिले काही दिवस तरी. त्यानंतर जे होतं ते रात्रीच्या भिजवण्याने जात नाही.

दुसरा आठवडा संपत आला की लेन्स बोटावर घेऊन ट्यूबलाइटकडे धरून बघा. पाण्यात नाही, सोल्युशन निथळल्यावर. नवी लेन्स काचेसारखी स्वच्छ असते आणि तिच्यावरचं पाणी एकसंध पसरलेलं दिसतं. जुनीवर ते पाणी तुटतं, मध्ये कोरडी बेटं दिसतात आणि तिरक्या उजेडात दुधट झाक येते. ही झाक मुख्यतः प्रोटीनची. अश्रूंत लायसोझाइम नावाचं प्रोटीन भरपूर असतं आणि त्यावर धन प्रभार असतो. जास्त पाण्याच्या बऱ्याच हायड्रोजेल लेन्स ‘आयनिक’ असतात, म्हणजे त्यांच्यावर ऋण प्रभार. पुढचं सांगायला नको. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांना मंजुरी देणारी संस्था) मटेरियलचे गट पाडलेत, त्यात जास्त पाणी आणि आयनिक असा चौथा गट आहे. लायसोझाइम सगळ्यात जास्त शोषून घेणारा गट म्हणून तो ओळखला जातो. माझी लेन्स त्याच गटातली.

गंमत अशी की नुसतं प्रोटीन बसलं तर ते फारसं त्रासदायक नसतं. जोवर ते मूळ रूपात आहे तोवर चालून जातं. त्याची घडी मोडली, ते बिघडलं, की शरीर त्याला परकं समजतं. मग वरच्या पापणीच्या आत खाज आणि चिकट स्राव सुरू होतो. पापणी उलटून बघितली तर आत बारीक पुटकुळ्या दिसतात. मला तिथपर्यंत गेलेलं नाही, पण मॅडमनी दर तपासणीला पापणी उलटून बघण्याचं कारण हेच. तुमच्याकडे कोणी बघत नसेल तर स्वतःहून सांगा बघायला.

नजर मात्र शेवटपर्यंत ठीक असते, आणि फसायला होतं ते इथेच. अक्षरं स्पष्ट दिसतात म्हणून माणूस अजून आठवडा रेटतो. लेन्सची पॉवर संपत नसते, पृष्ठभाग संपलेला असतो.

एप्रिलमध्ये सिलिकॉन हायड्रोजेलवर आलो. पाणी चाळीस टक्क्यांच्या आत. दुकानदाराच्या हिशोबाने ही उन्हाळ्यात वाळायला हवी होती, पण उलट झालं. हा प्रकार १९९८-९९ च्या सुमारास बाजारात आला. साध्या हायड्रोजेलमध्ये ऑक्सिजन पाण्यातून जातो, म्हणून ऑक्सिजन वाढवायचा तर पाणी वाढवावं लागतं. इथे तो सिलिकॉनमधून जातो, त्यामुळे पाणी कमी ठेवूनही भागतं. लेन्समधून किती ऑक्सिजन जातो त्यासाठी ‘डीके बाय टी’ असा आकडा देतात. होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेली किमान रेषा दिवसभराच्या वापराला २४ आणि झोपेतल्या वापराला ८७ अशी आहे. माझी जुनी लेन्स पहिल्या रेषेच्या आसपास घुटमळणारी. सिलिकॉनवाल्या बऱ्याचशा १०० च्या आसपास किंवा पुढे. एक लक्षात ठेवा, हा आकडा बहुधा −३.०० च्या लेन्सच्या मध्यावरचा असतो. मायनस पॉवर वाढते तशी लेन्स काठाकडे जाड होते आणि तिथे ऑक्सिजन कमी पोचतो. माझ्यासारख्या चारच्या आसपासच्या माणसाला म्हणून जास्तीचा आकडा कामाला येतो. संध्याकाळची लाली पहिल्या आठवड्यातच कमी झाली. फिटरने पुन्हा विचारलं नाही.

सुरुवातीला काठ मात्र जाणवला. हे मटेरियल हायड्रोजेलपेक्षा थोडं ताठ असतं, पापणीला काहीतरी लागतंय असं दोन-चार दिवस वाटतं. ज्यांनी पहिल्या दिवशीच ‘टोचते’ म्हणून परत दिली, त्यांनी थोडा दम धरायला हवा होता असं माझं मत. पण आठवड्यानंतरही टोचत असेल तर फिटिंग तपासून घ्या, दुसऱ्या गोलाव्याची मिळते.

आणि मग हिचं स्वतःचं दुखणं: तेल. सिलिकॉनला पाणी आवडत नाही, स्निग्ध पदार्थ आवडतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. टॉवेल मऊ लागावा म्हणून साधं सिलिकॉन सॉफ्टनर जास्त मारलं की हात फिरवताना मखमल वाटते, आणि पाण्याचा थेंब टाकला तर तो वर मण्यासारखा बसून राहतो. लेन्सच्या कंपन्यांना हे माहीत आहेच. म्हणून कोणी पृष्ठभागावर प्लाझ्माची प्रक्रिया करतं, कोणी मटेरियलमध्येच ओलावा धरणारा घटक घालतं. तरी पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येणारं तेल हळूहळू चिकटतंच. हायड्रोजेलची झाक दुधट असते, हिची चिकट. दिवे धूसर दिसतात, डोळा मिचकावला की क्षणभर स्वच्छ, पुन्हा धूसर. रात्री पुलावरून गाडी चालवताना समोरच्या हेडलाइटभोवती कडं दिसायला लागलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. प्रोटीन मात्र हिच्यावर पुष्कळ कमी बसतं. जे बसतं त्यातला बिघडलेला हिस्सा मोठा असतो, एवढी मेख आहे.

तेलावर उपाय एकच, चोळणं. बाटलीवर ‘नो रब’ लिहिलेलं असलं तरी तळहातावर लेन्स, वर सोल्युशनचे थेंब, आणि करंगळीशेजारच्या बोटाने मधून काठाकडे हलकेच चोळायचं, दोन्ही बाजूंनी. नुसत्या भिजवण्याने स्निग्ध थर निघत नाही. चोळायला लागल्यापासून महिन्याचा चौथा आठवडा सुसह्य झाला. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशनही वापरून बघितलं. लेन्स खरंच जास्त स्वच्छ निघते, त्यात प्रिझर्वेटिव्ह नसतं. पण त्याच्या खास डबीत, तळाशी चकती असलेल्या, किमान सहा तास ठेवावंच लागतं. त्याआधी डोळ्यात गेलं तर आग आग होते. बाटलीचं टोक लाल असतं ते त्यासाठीच. घरात दुसरं कोणी लेन्स वापरत असेल तर दोन्ही बाटल्या एका कप्प्यात ठेवू नका. सोलापुरात मला तरी ते मागवूनच घ्यावं लागतं.

आता काही गोष्टी ज्या डब्यावर लिहिलेल्या नसतात.

हात धुतले की टॉवेलला पुसायचे नाहीत. टॉवेलच्या गावात राहून, टॉवेलवर पोट असून हे लिहितोय, पण नवा टेरी टॉवेल लिंट सोडतोच आणि ओल्या बोटावरून तो तंतू सरळ लेन्सखाली जातो. केसाएवढा धागा बुबुळावर कुसळासारखा टोचतो. मी हात वाऱ्यावर वाळवतो किंवा जुना, शंभर धुण्यांतून गेलेला सुती रुमाल ठेवतो. दुसरं, शेंगाचटणी. कडक भाकरी-चटणी हाताने खाल्ली असेल तर रात्री लेन्स काढण्याआधी साबणाने दोनदा हात धुवा, नखांच्या कडांसकट. तिखट नुसत्या पाण्याने जात नाही. रविवारी डोक्याला खोबरेल लावायचं असेल तर लेन्स घालण्याआधी नको, तो डाग दिवसभर जात नाही.

तिसरी गोष्ट थट्टेची नाही. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे प्रत्येक घरात टाकी, पिंप, भरलेली भांडी. साठवलेल्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि त्याने बुबुळाला होणारा संसर्ग महिनोन्‌महिने छळतो, नजरही जाऊ शकते. शिवाय साध्या पाण्यात मीठ अश्रूंपेक्षा कमी, त्यामुळे लेन्स फुगते आणि डोळ्यावर चिकटते. लेन्सला पाणी नाही, उकळलेलंही नाही, फिल्टरचंही नाही. डबीसुद्धा सोल्युशननेच धुवायची, उपडी ठेवून वाळवायची आणि दर तीन महिन्यांनी टाकून द्यायची. जुन्या सोल्युशनमध्ये वरून नवं ओतायचं नाही. लेन्स घालून आंघोळ आणि झोप दोन्ही टाळा. डब्यावर रात्रीच्या वापराची परवानगी असली तरी संसर्गाचा धोका झोपल्याने कित्येक पटींनी वाढतो.

माझ्या मेव्हण्याची वार्षिक लेन्स आहे, ३८ टक्के पाण्याची. ते मटेरियल मूळ हेमा घराण्यातलं, म्हणजे पहिल्या सॉफ्ट लेन्सच्या प्लास्टिकचं. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तेर्ले यांनी १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलांच्या मर्कुर खेळण्याच्या सुट्या भागांतून यंत्र जोडून आणि सायकलचा डायनॅमो लावून ज्याच्या लेन्स ओतल्या, तेच. अमेरिकेत १९७१ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. मटेरियल म्हणून वाईट नाही, आयनिक नसल्यामुळे प्रोटीनही कमी धरतं. पण त्यातून ऑक्सिजन फारच कमी जातो आणि वर्षभराचा थर एकाच लेन्सवर साचतो. “दाजी, माझी अजून चकाचक दिसते,” असं तो म्हणतो. दिसते, कारण तो ती सोल्युशनमध्ये बुडालेली बघतो.

डेलीबद्दल थोडक्यात. थर साचायला वेळच मिळत नाही, डबी नाही, सोल्युशन नाही. रोज दोन्ही डोळ्यांना वापरायची तर महिन्याला ६० लेन्स, ते माझ्या खिशाला झेपत नाही. पण यात्रेत होम मैदानावरची धूळ आणि शोभेच्या दारूचा धूर, लग्नाचे दिवस, प्रवास, यासाठी एक डबा घरात असतोच. या वर्षी एप्रिल-मेमध्ये शेडच्या दिवशी डेली आणि ऑफिसच्या दिवशी सिलिकॉन मंथली असं केलं. मंथली उघडल्याची तारीख मी फॉइलवर लिहून ती डबीजवळ चिकटवतो. मोजणी उघडल्यापासूनची असते, न घातलेले दिवसही त्यात धरायचे.

ज्याला साध्या हायड्रोजेलचा त्रास नाही आणि जो दिवसाला पाच-सहा तासच वापरतो, त्याने उगाच बदलू नये. ती स्वस्त आहे, मऊ आहे. आठ तासांच्या वर, एसीत किंवा धुळीत काम असेल तर सिलिकॉन घ्या, चोळायचा कंटाळा करू नका, आणि पहिल्या महिन्यात एकदा तरी दुपारी चार वाजता लेन्ससकट तपासायला जा. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना काढलेली लेन्स आणि डबी सोबत न्या, कधी कधी त्यांनाच तपासावं लागतं.