मायक्रोफायबर टॉवेल कशाने धुवावेत: दहा महिने वापरून पाहिल्यावर

गाडी धुऊन झाली, बॉनेटवर टॉवेल अंथरला, दोन कोपरे धरून ओढला, तर पाणी टिपलं जायच्या ऐवजी टॉवेलच्या पुढे पुढे पळायला लागलं. टॉवेल हलका नव्हता. ६०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाचा), जाडजूड, भरपूर लव असलेला. नवा होता तेव्हा एकदाच फिरवला की अख्खं छत कोरडं करायचा. सात-आठ धुण्यांत त्याची ही गत. मी टॉवेलला शिव्या घातल्या आणि दुसरा आणला. तोही दोन महिन्यांत त्याच वाटेने गेला, तेव्हा कुठे ट्यूब पेटली की गडबड कापडात नाही, धुण्यात आहे.

धुणं म्हणजे काय, तर घरचे कपडे मशीनला लागले की त्यातच हेही टाकायचे. पावडर, आणि शेवटी कंडिशनर. "मऊ राहतील रे," हे आईचं म्हणणं. खरंच मऊ राहायचे. हात फिरवला की वाटायचं, काय टॉवेल आहे!

तो मऊपणाच नडला. कंडिशनरमधले घटक धाग्याला चिकटून बसावेत म्हणूनच घातलेले असतात. ते धुतले गेले तर कंडिशनर कसलं? सुती कपड्यावर तो तेलकट पातळ थर अंगाला बरा वाटतो. मायक्रोफायबरची गोष्ट वेगळी. पॉलिस्टर आणि नायलॉन, बहुतेक वेळा ८०-२० किंवा ७०-३०, एकत्र काढून तो धागा चिरलेला असतो. एकेक तंतू एका डेनियरपेक्षाही बारीक, म्हणजे ९००० मीटर लांबीचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. पाणी शिरतं ते तंतूंमधल्या या फटींत. फटी लिंपल्या गेल्या की उरतं नुसतं पॉलिस्टर, आणि पॉलिस्टरला पाण्याचं वावडं असतं. तेलाशी मात्र त्याचं छान जमतं, त्यामुळे वॅक्स आणि पॉलिशचा तेलकटपणा त्यातून सहजी निघत नाही.

मग दहा महिने मी याच मागे लागलो. तीसेक टॉवेल, दोन गाड्या, फ्रंट लोड मशीन आणि क्षारांनी भरलेलं पाणी. पाण्याचं मुद्दाम सांगतोय, कारण नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरत असेल तर माझा अनुभव तुम्हाला लागू पडेल. पाणी गोडं असेल तर निम्म्या कटकटी तुम्हाला होणारच नाहीत.

पावडरपासून सुरुवात केली कारण ती घरात होती. गार पाण्यात, छोट्या सायकलवर धुतलेला गडद निळा टॉवेल उन्हात धरून लव बोटांनी बाजूला केली, तर मुळाशी पांढरे कण. काही न विरघळलेल्या पावडरचे असतील, काही क्षारांचे. पावडरीत धुण्याचा सोडा असतो, तो पाण्यातल्या कॅल्शियमला धरून खाली बसतो, आणि बसायला याहून चांगली जागा कुठली? असं कापड काळ्या रंगाच्या गाडीवर फिरवायची माझी तरी छाती झाली नाही. आधीच त्या रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी दिसायला निमित्त लागत नाही. पण पावडरला सरसकट नावं ठेवणार नाही. चाकं, रिम आणि दरवाजाच्या कडा पुसायची जी काळीकुट्ट फडकी असतात, ती तिच्याइतकी दुसऱ्या कशानेही निघाली नाहीत. त्यांच्यासाठी ती अजून ठेवलीय. आधी बादलीत गरम पाण्यात पूर्ण विरघळवतो, मग फडकी बुडवतो.

भांड्यांच्या लिक्विडबद्दल फार लिहीत नाही. तेलकटपणा झकास काढतं. पण फेस! मशीनमध्ये चुकूनही घालू नका. मी घातलं आणि साबणाच्या कप्प्यातून फेस बाहेर आला. हाताने धुतलं तर सहा पाण्यांनी विसळावं लागलं. एक-दोन टॉवेल पटकन काढायचे असतील तर ठीक.

मग लिक्विड डिटर्जंट. इथे मी पहिल्याच बाटलीला फसलो. समोर मोठ्या अक्षरांत फुलं आणि सुगंध, आणि मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं की यात कपडे मऊ ठेवणारा घटकही आहे. म्हणजे ज्या कंडिशनरला मी दारातून हाकललं, ते खिडकीतून आत आलं. महिनाभर वापरून आरशावर टॉवेल फिरवला तर धुरकट रेघा. आता नियम सोपा ठेवलाय: वास नको, रंग नको, मऊपणाचं आश्वासन नको, आणि शुभ्रतेचा दावाही नको. शुभ्रतेसाठी घातलेली द्रव्यं मळ काढत नाहीत, धाग्यावर बसून निळसर प्रकाश टाकतात. पांढऱ्या शर्टाला त्याचा उपयोग, गाडीच्या टॉवेलला काहीच नाही. या नियमात बसणारं, बिनवासाचं, पाण्यासारखं दिसणारं एक साधं लिक्विड मिळालं आणि रोजचं काम त्यानेच निभावलं.

चौथं, खास मायक्रोफायबरसाठी म्हणून मिळणारं वॉश. माझा अंदाज होता की बाटली बदलून दाम वाढवलेला माल असणार. अर्धा अंदाज खरा ठरला. नुसत्या पाण्याने भिजलेल्या, म्हणजे गाडी कोरडी करायच्या टॉवेलांवर, बिनवासाच्या लिक्विडमध्ये आणि याच्यात मला कणभर फरक दिसला नाही. पण कंपाउंड (रंगावरचे ओरखडे घासून काढायची पेस्ट) आणि वॅक्स पुसलेल्या टॉवेलांवर दिसला, आणि चांगलाच दिसला. साध्या लिक्विडने धुतल्यावर त्या टॉवेलांचा मधला भाग वाळला की जरा चिकट, चामड्यासारखा लागायचा. या वॉशमध्ये अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून मग मशीनला लावले तर लव पुन्हा सुटी झाली. फेस कमी, विसळायला सोपं. तेव्हा घ्याच, पण सगळ्या टॉवेलांवर उधळू नका.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. कुठलं डिटर्जंट, याच्याइतकंच किंबहुना जास्त महत्त्वाचं निघालं ते किती घालायचं. धुऊन आलेला टॉवेल नेहमी स्वच्छच दिसतो, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. मी एक रुंद तोंडाची काचेची बरणी घेतली, अर्धी साध्या पाण्याने भरली, नुकताच मशीनमधून काढलेला, अजून वाळत न घातलेला छोटा टॉवेल त्यात कोंबला, झाकण लावलं आणि गदागदा हलवली. टॉवेल काढून घेतला. पाण्यावर दोन बोटं फेस! दोनदा विसळून, पिळून आलेल्या कापडातून. झाकणावरच्या रेघेपर्यंत लिक्विड घातलं होतं, म्हणजे कंपनीने सांगितलं तेवढंच. पुढच्या वेळी निम्मं घातलं: काठाला थोडे बुडबुडे, ते पण मिनिटात विरले. त्याच्याही निम्मं घातलं तर फेस नाही, पण वॅक्सचे टॉवेल नीट निघेनात. शेवटी निम्म्यावर स्थिरावलो आणि एक जादा विसळणं लावायला लागलो. ती रेघ घामट, मळलेल्या कपड्यांनी भरलेल्या मशीनसाठी आखलेली असते. बारा-पंधरा टॉवेलांना तेवढं कशाला लागतंय?

उरलेलं डिटर्जंट का नडतं, हे विचारणाऱ्या मित्राला मी बरणीच दाखवली. पुढच्या वेळी टॉवेल गाडीवर ओला झाला की तोच साबण रंगावर आणि काचेवर उतरतो. रात्री समोरून दिवे आले की काचेवर जे धुकं दिसतं, त्यातलं निम्मं माझ्या बाबतीत तरी हेच होतं.

दुसरी तपासणी आणखी सोपी आहे. वाळलेल्या टॉवेलवर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडायचा. चांगला टॉवेल तो तिथल्या तिथे गिळतो. बिघडलेल्यावर थेंब मण्यासारखा उभा राहतो, टॉवेल कलता केला तर घरंगळतो. बॉनेटवरचं पाणी का पळत होतं याचं उत्तर त्या एका थेंबात होतं.

महिन्यातून एकदा पांढरं व्हिनेगर वापरतो. मशीनमध्ये नाही, बादलीत. धुऊन झाल्यावर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी, दहा मिनिटं, मग साध्या पाण्यातून काढायचं. आम्लाने क्षार सुटतात, टॉवेलचा करकरीतपणा जातो. पाणी क्षारांचं नसेल तर याची गरजच नाही. ब्लीच मात्र या सगळ्यापासून लांब ठेवा. एक तर त्याने नायलॉन खराब होतं, आणि दुसरं म्हणजे व्हिनेगरशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. तो विषारी असतो, गंमत नव्हे.

पाणी ४० अंशांचं ठेवतो. तापमानाच्या बाबतीत माझा घोळ धुताना नाही, वाळवताना झाला. घाईत एक टॉवेल जीन्सबरोबर ड्रायरमध्ये सर्वांत जास्त उष्णतेवर फिरवला. पॉलिस्टर वितळायला २५० अंशांच्या आसपास जावं लागतं हे मला ठाऊक होतं, त्यामुळे बिनधास्त होतो. पण इतके बारीक तंतू वितळायच्या कितीतरी आधीच आखडतात. टॉवेल बाहेर आला तो काथ्यासारखा, आणि कुठल्याच डिटर्जंटने परत आला नाही. हल्ली दोरीवर, सावलीत.

सुती टॉवेलांबरोबर एकदा धुतले होते. संध्याकाळभर बसून चिमटीने सूत वेचलं, यापलीकडे त्यावर लिहिण्यासारखं नाही. सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा, वाळून कडक होणारा संरक्षक थर) पुसलेलं कापड तर धुवायच्या भानगडीतच पडू नका. कोटिंग त्यात काचेसारखं कडक होतं. ते टाकायचं.

कंडिशनरने बिघडलेले ते पहिले दोन जाड टॉवेल मी टाकले नव्हते. रात्रभर खास वॉशमध्ये भिजवून, तीन-तीन वेळा धुतले. एक बऱ्यापैकी सुधारला. थेंब आता दोन-तीन सेकंदांत शोषतो, पूर्वीसारखा क्षणात नाही. दुसरा तसाच हट्टी राहिला, त्याची बदली चाकांवर झाली.

आणि एवढं करूनही गेल्या महिन्यात धुतलेल्या टॉवेलवर पुन्हा थेंब उभा राहिला. दोन दिवस लिक्विडवर संशय. मग मशीनचा कप्पा ओढून पाहिला तर कंडिशनरच्या खणात निळसर पाणी साचलेलं, घरच्या कपड्यांच्या वेळचं. प्रत्येक धुण्यात त्यातलं थोडं थोडं माझ्या टॉवेलांवर उतरत होतं. आता टॉवेल लावायच्या आधी तो खण काढून गरम पाण्याखाली धुतो. आई म्हणते, "कपडे धुवायच्या आधी मशीन धुणारा तू पहिलाच."