भांगाच्या पाण्यात घेतलेली ट्रायल

सिंधुदुर्गातल्या कर्ली नदीत मी अकरा वर्षं पर्यटकांना फिरवतो. बावीस फुटी फायबरची होडी, मागे ९.९ एचपीचं पेट्रोल इंजिन. सीझनमध्ये रोज दहा लिटर पेट्रोल जायचं. पण पैशांपेक्षाही त्या आवाजाचा मला त्रास व्हायचा. कांदळवनाच्या कडेला खंड्या बसलेला दिसला की पर्यटकांना दाखवेपर्यंत तो उडून जायचा. केरळात वैक्कमजवळ २०१७पासून 'आदित्य' ही सौरऊर्जेवर चालणारी फेरीबोट प्रवासी नेते, हे मला माहीत होतं. त्यामुळे विजेवर होडी चालते यावर माझा विश्वास होता, आजही आहे. मी फसलो तो विजेमुळे नाही, विकणाऱ्यामुळे.

विजेची मोटर विकणारा तो माणूस ओळखीतून आला. बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात 'काका'. १० एचपीची मोटर, ५१ व्होल्ट २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, चार्जर आणि बसवणूक मिळून ४,१०,००० रुपये. जुनं इंजिन तो साठ हजारांना घेणार. अडीच लाख आगाऊ, उरलेले एक लाख ट्रायलनंतर. 'चाळीस टक्के सबसिडी तुमच्या खात्यात येईल, आणि विजेच्या होडीला नोंदणीत काही बदलावं लागत नाही,' असंही म्हणाला. दोन्ही खोटं. ज्या केंद्रीय योजनेचं नाव तो घेत होता ती रस्त्यावरच्या गाड्यांसाठी आहे, तिच्यात होड्या नाहीत. आणि नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा नंबर आणि ताकद लिहिलेली असते, म्हणजे इंजिन बदललं की नोंद बदलणं आलंच. पैसे त्याने स्वतःच्या खात्यावर मागितले, बिल 'नंतर देतो' म्हणाला. मी दिले.

ट्रायलचा दिवस त्यानेच ठरवला, दिवाळीआधीची अष्टमी. आमच्याकडे पोरालाही कळतं की अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमजोर, पाण्याला फारशी ओढ नसते. वर वेळही पूर्ण भरतीची, पाणी थांबलेलं असताना. होडीत तो आणि मी, दोघंच. दहा मिनिटं फिरलो. होडी कापसासारखी सरकत होती, आवाज नाही, धूर नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच संध्याकाळी लाख रुपये दिले आणि तो माझं इंजिन टेम्पोत घालून गेला.

बॅटरीची पेटी पुतण्याने एकट्याने उचलून होडीत ठेवली होती. शेजारचे आबा बघत होते. 'ही इतकी हलकी कशी रे?' त्यांनी विचारलं. 'लिथियम हलकंच असतं,' विकणारा म्हणाला, आणि आम्ही सगळे खूश झालो. लिथियम शिशाच्या बॅटरीपेक्षा हलकं असतं हे खरं. पण या जातीची, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची, १० युनिटची (५१ व्होल्ट गुणिले २०० अँपिअर-अवर म्हणजे सुमारे १० युनिट वीज) बॅटरी ऐंशी ते शंभर किलोच्या आसपास भरते. ती एका माणसाला उचलत नाही.

पाडव्याला मुंबईहून आलेल्या भावाच्या कुटुंबाला घेऊन निघालो. माणसं सहा, त्यात दोन लहान मुलं, सगळ्यांना लाइफ जॅकेट. नोंदणीचं काम बाकी होतं म्हणून पर्यटक घेतले नव्हते, एवढंच नशीब. अमावास्या आदल्याच दिवशी झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस, आणि आम्ही देवबागच्या संगमाकडून, म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथून, परत फिरलो तेव्हा ओहोटी जोरात लागलेली. मोटर पूर्ण जोरात लावली. काठावरचा एक वाकडा माड मी खुणेला धरला होता. पाच मिनिटं गेली तरी तो माड तिथल्या तिथेच. मग मोटर बंद पडली. निघाल्यापासून पन्नास मिनिटंही झाली नव्हती आणि पडद्यावर बॅटरी साठ टक्के दाखवत होती.

होडी नदीच्या मुखाकडे वाहायला लागली. तिथे लाटा फुटत होत्या, आवाज ऐकू येत होता. नांगर टाकला, तो रेतीत घसरत गेला, मग कशालातरी धरला. वहिनीने दोन्ही पोरं छातीशी घेतली होती. मासेमारी करून परतणाऱ्या होडीवाल्याने आम्हाला पाहिलं. 'पोरांक सांभाळ, दोरी मी टाकतंय,' तो ओरडला. ते वाक्य अजून कानात आहे.

नंतर कुडाळला ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्या एका पोराकडे पेटी नेली. मासळीच्या काट्यावर ती ३८ किलो भरली. उघडली तर निम्म्या पेटीत थर्माकोल. सोळा सेल, वर नवं निळं वेष्टण, आत जुनं. क्यूआर कोड खरवडलेले, टोकांवर जुना जोड घासून काढल्याच्या खुणा, म्हणजे सेल आधी वापरलेले. पूर्ण चार्ज करून ठरावीक भार लावला तर २००ऐवजी ५४ अँपिअर-अवर निघाले. मोटरला वीजप्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, पूर्ण जोरात ६० अँपिअर. ५१ गुणिले ६० म्हणजे सुमारे ३,०६० वॅट, आणि एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. दहा कसले, जेमतेम चार एचपी.

हे गणित मी आधी करायला हवं होतं. बॅटरी खरी असती तरी १० युनिट म्हणजे माझ्या इंजिनाच्या हिशेबात चारेक लिटर पेट्रोलचं काम. दिवसाला दहा लिटर लागणाऱ्या होडीला ती दिवसभर पुरणार कशी? विकणाऱ्याला 'सलग किती किलोवॅट' हे लेखी विचारा, क्षणभराची ताकद नको. बॅटरी स्वतः तोला, आणि पैसे देण्याआधी भार लावून ती पूर्ण रिकामी होईपर्यंत थांबा. ट्रायल उधाणाच्या ओहोटीला, प्रवाहाविरुद्ध, नेहमीएवढी माणसं घेऊन, आणि दिवस तुम्ही ठरवा. जुनं इंजिन एक सीझन तरी घरातून हलवू नका.

फोन केला तेव्हा तो म्हणाला, 'तुम्ही धंदेवाले, तुम्हाला ग्राहक मंचात जाता येत नाही.' हेही खोटं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करून मी माहिती घेतली. बिल नसल्यामुळे आता बँकेचे उतारे, त्याचे मेसेज आणि पेटी उघडतानाचे फोटो जोडून तक्रार दाखल केली आहे. होडीवर सध्या मेव्हण्याचं जुनं पेट्रोल इंजिन आहे, नोंदीसकट. त्याचं भाडं महिन्याला देतो.