कंपनीचं फर्मवेअर पुसलं त्याची हकीकत: ओपनडब्ल्यूआरटी, सव्वा वर्ष, दोन गच्च्या

मला घरच्या वायफायचा पासवर्ड बदलायचा होता, एवढंच. चार वर्षं मी ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून हे काम करत आले होते. त्या दिवशी पत्ता टाकला तर कंपनीचं एक पान उघडलं: आमचं ॲप घ्या, मोबाइल नंबर द्या, लोकेशन चालू करा. रात्रीतून राउटरने स्वतःच स्वतःला अपडेट केलं होतं आणि जुनं पान गायब. आपल्या घराचं कुलूप बदलायला चौकातल्या अनोळखी माणसाकडे नाव नोंदवावं, तसला प्रकार. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, मग दुसरी घ्या ना. दुसरीचंही पान असंच.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडची शिल्पनिदेशक होते, आता निवृत्त. पोरांना पहिल्या महिन्यात एकच शिकवायचे: आधी झाकण उघडा. त्यामुळे झाकणच न उघडणाऱ्या वस्तूवर माझा राग जरा जास्तच असतो, हे आधीच सांगून ठेवते. हा रिव्ह्यू तटस्थ नाही.

तर ओपनडब्ल्यूआरटी. राउटरमध्ये कंपनीने आधीच भरून दिलेलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. हे त्याच्या जागी टाकायचं लिनक्स आहे, फुकट आणि खुलं. याचा जन्मच एका चोरीच्या पंचनाम्यातून झाला म्हणा ना. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर २००२ च्या शेवटी आला. पुढच्या वर्षी काही लोकांच्या लक्षात आलं की याच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्सच्या जीपीएल परवान्याची अट अशी की ते वापरून वस्तू विकाल तर त्याचा सोर्स कोडही ग्राहकाला द्या. तो दिलेला नव्हता. तोवर लिंक्सिस सिस्कोने विकत घेतली होती. ओरड झाली आणि २००३ मध्येच कोड बाहेर आला. त्या कोडवर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं, नावातला डब्ल्यूआरटी तिथलाच. त्याच सिस्कोला परवान्याच्या याच कारणावरून २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने कोर्टात खेचलं, २००९ मध्ये तडजोड झाली. म्हणजे कायद्याचा धाक नसता तर आज आपल्या हातात हे काही नसतं.

आणि धाक नसला की काय होतं, तेही बघा. गूगलने ऑनहब नावाचे राउटर विकले होते. २०२३ च्या जानेवारीत त्यांचा आधार काढून घेतला. डबा चांगला, अँटेना चांगली, पण ज्या ॲपमधून तो चालवायचा त्या ॲपनेच त्याला ओळख दाखवायचं थांबवलं. वस्तू मेली नव्हती.

आता माझं काम काय होतं ते. माझा भाचा नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात अभ्यासिका चालवतो. एमपीएससी, तलाठी भरती, पोलीस भरती अशी चाळीसेक मुलं, सकाळी सहापासून. मोबाइलचा डेटा दुपारपर्यंत संपतो आणि मग तीच पीडीएफ चाळीस जण चाळीस वेळा डाउनलोड करतात. माझ्या प्रतापनगरच्या घरी एक जुना डेस्कटॉप पडून होता. त्यावर लिनक्स टाकलं, जुन्या प्रश्नपत्रिका भरल्या, भाच्याने स्वतः रेकॉर्ड केलेले तास भरले आणि किविक्सवरून (इंटरनेटशिवाय वाचता येईल असा विकिपीडिया तिथे मिळतो) अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून ठेवला. म्हणजे इंटरनेटची गरजच नाही, फक्त हे मशीन आणि ती अभ्यासिका जोडली की झालं. डेस्कटॉप अभ्यासिकेतच नेऊन ठेवायचा ना, असं विचाराल. तिथे एका कूलरवर जिथे चाळीस मुलं घाम पुसतात तिथे मशीन किती दिवस टिकेल, आणि रविवारी त्याचा पंखा साफ करायला कोण जाईल? शिवाय खरं सांगू का, मला दोन गच्च्यांमध्ये वायफायची लिंक टाकून बघायची होती.

गच्चीपासून गच्चीपर्यंत अंतर १.१ किलोमीटर. सीताबर्डीच्या बाजारात, म्हणजे आमच्या बर्डीवर, एका बोळात जुन्या नेटवर्किंग सामानाचं दुकान आहे, पाटी नाही, वर जायला लोखंडी जिना. मालकाकडे केबलवाल्यांनी काढून टाकलेले गच्चीवरचे रेडिओ पोत्यात पडलेले असतात. मी म्हटलं, ओपनडब्ल्यूआरटी चालेल असे दोन द्या. तो हसला. "ताई, चालते. पन मंग मले फोन नोका करजा, तुमालेच सगळं करा लागन." पाच गिगाहर्ट्झचे, १३ डीबीआय अँटेनाचे (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटते त्याचं माप) दोन डबे ३,००० रुपयांत. घरी येऊन आधी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा) आणि रॅम बघितली: ८ एमबी आणि ६४ एमबी. ओपनडब्ल्यूआरटीला याच्या खाली परवडत नाही, ४/३२ वाले जुने डबे २०१९ च्या मालिकेनंतर बाद झाले. तुम्ही घेणार असाल तर हे दोन आकडे आणि मागच्या स्टिकरवरची हार्डवेअर आवृत्ती बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्टिकरचं मी सांगते आहे ते स्वतः ठेचकाळून. पहिल्या डब्यात कंपनीचं फर्मवेअर होतं, त्याच्याच अपग्रेडच्या पानातून ओपनडब्ल्यूआरटीची फाइल दिली, पाच मिनिटांत काम झालं. दुसऱ्यावर कुणीतरी आधीच ओपनडब्ल्यूआरटीची जुनी आवृत्ती टाकून ठेवली होती. मी तीच फाइल दिली. त्याने स्पष्ट विचारलं, ही फाइल या डब्याची दिसत नाही, तरी सक्तीने टाकू? आणि मी, आयुष्यभर पोरांच्या हातावर फूटपट्टी मारणारी बाई, हो म्हणाले. आवृत्ती वेगळी होती. डबा मेला. दिवे लागले आणि तसेच राहिले.

मग टीएफटीपी, म्हणजे केबलवरून फाइल पोचवायची एक साधी पद्धत. रीसेटचं बटण दाबून धरून वीज दिली की बूटलोडर, म्हणजे सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम, लॅपटॉपकडे ठरलेल्या नावाची फाइल मागतो, ती त्याला द्यायची. वाचायला सोपं आहे. माझ्या लॅपटॉपचा फायरवॉल आड येतो आहे हे कळायला रात्रीचा एक वाजला. "आत्या, फेकून दे ना, दुसरा घेऊ," असं भाच्याचं तीनदा म्हणून झालं. सव्वा एकला डबा उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो त्याच्या गच्चीवर, मी माझ्या. मधे इतक्या टाक्या, इतके मनोरे की त्याची गच्ची कोणती तेच कळेना. त्याला म्हटलं खालून स्टीलचं ताट आण आणि उन्हात हलव. नागपूरच्या उन्हाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. एका निळ्या टाकीच्या डावीकडे चमक दिसली, त्या रेषेत पाइप रोवला.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या आणि या तीन गोष्टींसाठीच हे फर्मवेअर मला आवडतं. एक, देश भारत निवडा. नाही तर शक्ती आणि चॅनेल दोन्ही चुकीचे पडतात. मी १४९ नंबरच्या चॅनेलवर आहे. काही चॅनेलवर आधी आसपास रडार नाही ना हे थांबून ऐकत बसावं लागतं, तसं इथे नाही. दोन, डब्ल्यूडीएस (दोन रेडिओंना पुलासारखं जोडणारी सोय) चालू करा, नाही तर पलीकडची मशीनं अलीकडच्या नेटवर्कात सरळ दिसत नाहीत. तीन, अंतर भरा. हे घरगुती राउटरच्या ॲपमध्ये तुम्हाला कधी दिसणार नाही. वायफायचा प्रत्येक तुकडा पोचला की पलीकडून पोच यावी लागते, आणि ती ठरलेल्या मायक्रोसेकंदांत आली नाही तर पाठवणारा समजतो तुकडा हरवला, पुन्हा पाठवतो. घरात दहा मीटरला हा प्रश्नच नसतो. १.१ किलोमीटरला नुसतं जाऊन यायलाच सात मायक्रोसेकंद जास्त लागतात. मी ११०० भरलं आणि तोवर अडखळत चालणारी लिंक सरळ झाली. सिग्नल उणे ६३ डीबीएम, हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. कागदावर हिशेब केला होता उणे ६२.५ चा. त्या दिवशी मी दुपारी आमरस केला, फेब्रुवारीत, डब्यातला.

मग गुढीपाडवा आला.

लिंक बसवली तेव्हा होळी व्हायची होती. अभ्यासिकेपासून दोनशे मीटरवर एका बंगल्याच्या आवारात मोठा कडुलिंब आहे, त्याची पानगळ चालू होती. फांद्यांमधून आरपार आभाळ दिसायचं. मला झाड दिसलंच नाही असं नाही, दिसलं आणि मी म्हटलं, मोकळं आहे की. चैत्रात त्याने पालवी धरली आणि मुलांच्या तक्रारी सुरू झाल्या. आधी सेकंदाला आठ-नऊ मेगाबाइट जात होते, ते एकाच्या खाली आले. सिग्नल उणे ७९. मी चॅनेल बदलले, आवृत्ती बदलली, केबल बदलली, पीओईचा (लॅन केबलमधूनच वीज देणारा) अडॅप्टर बदलला. सगळं सॉफ्टवेअरमध्ये शोधत होते. शेजारच्या काकू गच्चीवर पापड वाळवायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय जी, त्या झाडाकडं काऊन पाहून राहिल्या सकाळपासून?" तेव्हा डोक्यात उजेड पडला.

रेडिओची वाट म्हणजे दोरी नसते, मधे फुगलेलं रताळं असतं. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झला १.१ किलोमीटरच्या बरोबर मध्यावर त्याची त्रिज्या पावणेचार मीटर भरते, निदान साठ टक्के भाग तरी मोकळा हवा. आणि पान म्हणजे पाणी, पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाणी सिग्नल पिऊन टाकतं. झाड तोडायला सांगणं माझ्या तोंडून होणार नव्हतं. अभ्यासिकेच्या गच्चीवरचा पाइप पाच मीटर बाजूला, दुसऱ्या कोपऱ्यात नेला. त्याने झाडापाशी वाट चार मीटरने सरकते, त्रैराशिक मांडून बघा. उणे ६५. या वर्षीचा चैत्रही तसाच गेला, पाऊसही फारसं काही करत नाही.

बाकीचे अपघात लवकर सांगते. घरात वापरायची साधी लॅन केबल गच्चीवर टाकली होती, एका उन्हाळ्यात तिचं आवरण बिस्किटासारखं तुटायला लागलं. काळी आउटडोअर केबलच घ्या. संक्रांतीला पाइपात इतका मांजा अडकतो की दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन चढावं लागतं. आणि जूनच्या आधी अर्थिंग करून घ्या, इथे विजा कशा पडतात ते नागपूरकरांना सांगायला नको.

आता ओपनडब्ल्यूआरटीचे दोष. नवीन टाकलं की वायफाय बंद असतं आणि पासवर्ड रिकामा असतो. ज्याला माहीत नाही तो म्हणणार बिघडलं. नुसती नवी फाइल देऊन आवृत्ती बदलली तर सेटिंग राहतात, पण तुम्ही वेगळी टाकलेली पॅकेजं पुन्हा टाकावी लागतात. मी २४.१० वर आहे आणि ६४ एमबीत फार काही जास्तीचं मावत नाही. मदत मिळते, पण ती देणारे आधी लॉग (डब्याने आत लिहून ठेवलेल्या नोंदी) मागतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

विश्वासाचंही सांगते, कारण भाच्याने तोच प्रश्न विचारला: कंपनीवर नाही, मग या न पाहिलेल्या लोकांवर कसा? उत्तर पूर्ण नाही. फाइल उतरवल्यावर तिची चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा, जुळवते. कोड कुणीही वाचू शकतं, मी स्वतः पावशेरही वाचलेला नाही. माझ्या डब्यातल्या वायफाय चिपचा ड्रायव्हर पूर्ण खुला आहे, पण नव्या बऱ्याच चिपांमध्ये आत बंद फर्मवेअरचा गोळा असतोच, तो ओपनडब्ल्यूआरटीलाही उघडता येत नाही. फरक एवढा की इथे माझा मोबाइल नंबर कुणी मागितला नाही, आणि रात्रीतून काही बदललं तर ते मीच बदललेलं असतं.

कायद्याची भीती बऱ्याच जणांना असते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आणि ५ चा बाहेर वापरायला ऑक्टोबर २०१८ पासून परवान्याशिवाय खुला आहे, शक्तीची मर्यादा पाळून. मी कुणाला इंटरनेट विकत नाही. स्वतःच्या फाइली स्वतःच्या भाच्याकडे पाठवते.

खर्च सगळा धरून साडेपाच हजार, वेळ विचारू नका. ज्याला फक्त घरात वायफाय हवं आणि संध्याकाळी मालिका बघायची, त्याने या वाटेला जाऊ नये, खरंच. ज्याला झाकण उघडायची खाज आहे त्याला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या रिकाम्या पासवर्डसाठी कापला.

भाच्याला आता खामल्याच्या बाजूला दुसरी अभ्यासिका काढायची आहे. बर्डीवरच्या त्याच माणसाला फोन केला, करू नका म्हणाला होता तरी. आणखी एक जोडी आहे म्हणाला. स्टिकरचा फोटो मागितला, तो लगेच आला, अर्थात हिरव्या व्हॉट्सॲपवर. आवृत्ती दोन्हींची सारखी आहे, झूम करून दोनदा बघितली.