साईटनोटिस: प्रचालकानेच टाकायची की आधी कौल घ्यायचा?

विकीवर (विकिपीडियासारख्या साईटवर) सगळ्या पानांच्या डोक्यावर सूचनेची जी पट्टी झळकते ती साईटनोटिस. ती टाकायचा अधिकार मीडियाविकीत, म्हणजे विकी ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, तसाही प्रचालकांकडेच (अ‍ॅडमिनकडेच) असतो, बाकीच्यांना ते पान एडिटच करता येत नाही. मग ठरवायचं काय, तर टाकण्याआधी बाकीच्यांना विचारायचं का.

न विचारता टाकली की काम पटकन होतं. उद्या मेंटेनन्स आहे, तासभर एडिटिंग बंद, यावर काय आठवडाभर चर्चा करत बसणार? पण हीच मोकळीक स्पर्धा, कार्यशाळा, सर्व्हे यांना दिली की संपलं. मी जिथे एडिट करते तिथे एका कार्यशाळेची पट्टी कार्यशाळा होऊन दोन महिने झाले तरी वर तशीच, आणि टाकणारे प्रचालक गायब. त्यात भर म्हणजे दुसऱ्या एकाने त्यातलं शुद्धलेखन सुधारताना नोटिसचा आयडी नंबरही एकने वाढवला, तो वाढवला की ज्यांनी क्रॉस दाबून पट्टी बंद केलेली असते त्यांनाही ती परत दिसते, झालं, चर्चा पानावर नुसता शिमगा!

कौलाची बाजू भक्कम आहे, मोठ्या गोष्टींसाठी तरी. इंग्रजी विकिपीडियाने १८ जानेवारी २०१२ ला अमेरिकेतल्या ‘सोपा’ (SOPA) या ऑनलाइन पायरसीविरोधी विधेयकाविरोधात २४ तास लेख झाकले ते आधी संपादकांच्या चर्चेत ठरवूनच, असं काही एकट्याने केलं असतं तर कुणी ऐकून घेतलं असतं का? छोट्या विकीवर मात्र कौल म्हणजे तीन मतं, त्यातलं एक मांडणाऱ्याचंच.

म्हणून मी तरी मधला रस्ता घेईन: तांत्रिक सूचना थेट, बाकी सगळं आधी चर्चा पानावर ४८ तास, कुणी हरकत घेतली तरच कौल. आणि काढायची तारीख लिहिल्याशिवाय पट्टी लावायचीच नाही, खरं तर यावर भांडायला हवं पण सगळे भांडतात कोण टाकणार यावरून.

अजून एक, पट्टी दाखवायची कुणाला तेही नियमात टाका. लॉग-इन न केलेल्यांसाठी अनॉननोटिस वेगळी असते, ती सेट केली नाही तर साईटनोटिसच सगळ्यांना दिसते. प्रचालकपदाच्या निवडणुकीशी नुसत्या वाचकाला काय देणंघेणं, तिची सूचना निरीक्षणसूचीच्या (संपादक ज्या पानांवर लक्ष ठेवतात त्या यादीच्या) वर टाकली तरी पुरते.