रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ : माझा अनुभव

हॉस्टेलमध्ये सीनियर मुली माझ्या भाचीला मध्यरात्री व्हरांड्यात उभी करायच्या, स्वतःची जर्नल्स तिच्याकडून लिहून घ्यायच्या. वॉर्डनबाई म्हणाल्या, ‘अहो, ओळख करून घेतात.’ संताप आला! शेवटी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) या टोल-फ्री नंबरवर फोन केला. २००९ मध्ये अमन कचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये जीव गेला, त्यानंतर ही सेवा सुरू झाली. ती चोवीस तास चालते. पलीकडच्या बाईंनी मध्येच न तोडता सगळं ऐकलं, तक्रार क्रमांक दिला. त्यानंतर कॉलेज हललं. फोनआधी तारखा, वेळा, मेसेजचे स्क्रीनशॉट जमवून ठेवा. आणि प्राचार्यांना लेखी अर्ज द्याच. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार सात दिवसांत चौकशी करणं त्यांना बंधनकारक आहे.